पोरगी वाढते, बो का वाढत नाही? कंपाउंड बो बनवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
कंपाउंड बो बनवणाऱ्या सगळ्या कंपन्यांची डिझाइनवाली मंडळी,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितोय, त्याबद्दल माफी वगैरे मागत नाही. तुमची मॅन्युअलं आम्ही गेली सहा वर्षं इंग्रजीतून, फोटोवर बोट ठेवून, पोरांना विचारून विचारून वाचतोय, तर एकदा तुम्ही आमचं वाचून घ्या कुणाकडून तरी. आणि खरं सांगायचं तर हे पत्र तुमच्याइतकंच इथल्या आर्चरी करणाऱ्या पोरांच्या आईबापांसाठी पण आहे, कारण प्रत्येकाला वाटतं हा त्रास फक्त आपल्यालाच होतोय.

मी कोच नाही, खेळाडू पण नाही. माझं सातारा जिल्ह्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटरी, सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीच्या मोटरी. पोरगी आर्चरीला लागली, आधी इंडियन राउंड, म्हणजे बांबूच्या धनुष्यावर, मग कंपाउंडला, म्हणजे टोकांना चाकं लावलेल्या धनुष्याला आली, आणि तिचा बो बिघडला की नेणार कुठं म्हणून मी स्वतःच शिकलो. आता ग्राउंडवरच्या पंधरा-वीस पोरांचे बो माझ्याकडे येतात, स्ट्रिंग म्हणजे दोरी बदलायला, टायमिंग म्हणजे दोन्ही चाकं बरोबरीने फिरतात का ते बघायला, पीप म्हणजे दोरीतलं नेम बघायचं भोक फिरतंय म्हणून. पैसे घेत नाही, चहा घेतो.

पत्राचं निमित्त सांगतो. पोरीचा बो आम्ही सेकंडहँड घेतलाय, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या खेळाडूकडून, तेव्हा तो चार वर्षांचा होता. नवीन नुसता बो, म्हणजे नेम धरायची साइट नाही, तिच्यावरचं भिंग म्हणजे स्कोप नाही, तोल धरणारा दांडा म्हणजे स्टॅबिलायझर नाही, आमच्या हातात येईपर्यंत दीड-दोन लाखाच्या घरात जातो, तो आपल्या आवाक्यातला विषयच नाही. घेतला तेव्हा पोरीची ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी ओढायची लांबी, २४ इंच होती. आता ती पंधरा वर्षांची आहे आणि ड्रॉ लेंथ पावणे सव्वीस झालीय. बोच्या कॅमवरचं, म्हणजे टोकाच्या चाकावरचं, ड्रॉ लेंथ ठरवणारं मॉड्यूल साडेपंचवीसला संपतं. पुढच्या साइजचं मॉड्यूल पाहिजे, ॲल्युमिनियमचा तळहाताएवढा पण नसलेला तुकडा. कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं की या मॉडेलचे पार्ट आता बंद झालेत, तुम्ही आमचं नवीन मॉडेल बघा, आणि तुम्ही मूळ खरेदीदार नसल्यामुळे वॉरंटीचा प्रश्न येत नाही. खाली नवीन मॉडेलच्या व्हिडिओची लिंक होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण बाकीच्यांकडून पण असंच उत्तर आलेली चार पोरं माझ्या समोर आहेत, एकालाच धरण्यात अर्थ नाही.

तो मेल वाचून मी तीन दिवस गप्प बसलो आणि चौथ्या दिवशी हे लिहायला घेतलं.

आधी आम्ही कोण ते सांगतो, कारण तुमच्या लेखी आम्ही गिऱ्हाईक आहोत की नाही याचीच मला शंका आहे. २०२३ ला बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली, फायनलला १५० पैकी १४९. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांमध्ये जगज्जेता, फायनलला १५० पैकी १५०, म्हणजे पन्नास मीटरवरून पंधरा ॲरो आणि पंधराच्या पंधरा त्या आठ सेंटिमीटरच्या पिवळ्या गोलात. तो सराव साताऱ्यातच करायचा. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने त्याच वर्षी शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला फायनलला एका पॉइंटने हरवलं. आणि मग हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये कंपाउंडची पाच गोल्ड होती, पाचच्या पाच भारतात आली. त्यानंतर आमच्या ग्राउंडवर पोरं इतकी वाढली की टार्गेट कमी पडायला लागली. ही सगळी पोरं बो तुमचेच घेतात. इथं बनलेला कंपाउंड आमच्या ग्राउंडवर मी अजून बघितला नाही, म्हणजे तुमच्याशिवाय कुणाचे घेणार.

आता एक एक सांगतो.

पहिलं आणि सगळ्यात मोठं, बो वाढायला पाहिजे. पोरं तेराव्या वर्षी सुरू करतात आणि अठराव्या वर्षापर्यंत ड्रॉ लेंथ दोन-तीन इंच वाढते, पाउंडेज, म्हणजे ओढायला लागणारा जोर, तीसवरून पन्नासवर जातं. तुमचे टार्गेट बो या काळात किमान दोनदा, कधी तीनदा बदलावे लागतात. लिंब, म्हणजे बोची वाकणारी पाती, पन्नास पाउंडाची घेतली तर खाली चाळीसपर्यंत उतरतात, त्याच्या खाली नाही. मग तीस-पस्तीसवाल्या पोराला वेगळी लिंब, दोन वर्षांनी परत वेगळी. कॅमची साइज पण तशीच, एका कॅममध्ये दोन-अडीच इंचाचा खेळ, तो संपला की कॅम बदला, कॅम बदलला की स्ट्रिंग-केबल बदला कारण लांबी बदलते. आणि हे तुम्हाला जमत नाही असं नाही! डायमंड कंपनीचा इन्फिनिट एज प्रो बघा, ५ पासून ७० पाउंड आणि १३ पासून ३१ इंच, एकाच बोमध्ये, नुसत्या अॅलन कीवर. म्हणजे डोकं आहे, मशीन आहे, सगळं आहे. पण तो बो आखूड, शिकारीच्या घाटाचा, पन्नास मीटरवर स्थिर धरायला लांब बो लागतो, छत्तीस-अडतीस इंच एक्सल टू एक्सल, म्हणजे एका चाकाच्या मधापासून दुसऱ्याच्या मधापर्यंत. तसा लांब टार्गेट बो, ज्यात ड्रॉ लेंथ २३ ते २८ आणि पाउंडेज ३० ते ५५ एकाच सेटमध्ये बदलता येईल, असा कुणी का बनवत नाही? ॲरोचा स्पीड सेकंदाला दहा फूट कमी द्या, चालेल. वाढत्या पोराच्या बापाला विचारा, तो स्पीड मागणार नाही, पाच वर्षं मागेल.

तोपर्यंत आम्ही काय करतो ते पण ऐका. माझ्या पोरीच्या स्ट्रिंगचे पीळ मी थोडे सोडलेत, त्याने ड्रॉ थोडा वाढतो. डी-लूप, म्हणजे स्ट्रिंगवरचा ओढायचा फासा, लांब बांधलाय, त्याने अजून थोडं मिळतं. हे करून पाव इंच जमवला, पण मग कॅमचं टायमिंग हललं, ते परत केबलला पीळ देऊन आणलं, पीप वर सरकलं, अँकर, म्हणजे ओढलेला हात चेहऱ्याला टेकायची जागा, बदलला, आणि पोरगी म्हणते, "बाबा, हा माझा बोच वाटत नाही." सहा महिन्यांचं काम त्या एका तुकड्यापायी गेलं.

दुसरं, प्रेस. कंपाउंड बोची स्ट्रिंग काढायची तर लिंब दाबून धरणारी बो प्रेस लागते, हे वाचणाऱ्या पालकांना माहीत असेलच, नसेल तर लवकरच होईल. चांगली प्रेस आमच्याकडे जिल्ह्यात एखाद-दुसरी. माझी मी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतलीय, चॅनेल वेल्ड केलं आणि दाबायला ट्रॅक्टरच्या टॉप लिंकचा स्क्रू बसवला. हसू नका, चालते. पण तुमच्या नवीन बोची लिंब इतकी आडवी झोपलेली असतात की प्रत्येक मॉडेलला बोटं वेगळी लागतात, एकदा एका पोराचा बो प्रेसमध्ये असताना लिंबचं टोक सटकलं आणि माझ्या कानाजवळून काय गेलं ते मला अजून कळलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, आता इथं वाचेल.

तर मागणी साधी आहे. स्पर्धेच्या मैदानावर, प्रेस नसताना, दोन अॅलन कीवर स्ट्रिंग बदलता आली पाहिजे. लिंब बोल्ट लांब द्या, इतके लांब की ते सोडत सोडत गेलं की ताण पूर्ण उतरेल आणि बोल्ट तरीही रायझरमध्ये, म्हणजे बोच्या मधल्या दांड्यात, पुरेसे आटे धरून राहील. वजन पन्नास ग्रॅम वाढेल, वाढू दे. आमच्या पोरांची स्पर्धा असते चारशे किलोमीटरवर, रात्रीच्या एसटीने जातात, तिथं सर्व्हिंग, म्हणजे स्ट्रिंगवर गुंडाळलेला दोरा, सुटलं किंवा केबलचा दोरा तुटला तर पोरगं बॅग भरून परत येतं. असं झालंय. एकदा नाही.

कॅम लीनचं, म्हणजे कॅम तिरका होण्याचं, पण तेच. ॲरो पेपरमधून मारला आणि फाट डाव्या-उजव्या बाजूला गेली की कॅम थोडा बाजूला सरकवावा लागतो. पूर्वी केबलला वर वायसारखे दोन फाटे असायचे, एकाला पीळ दिला की कॅम कलायचा, काम झालं. ते तुम्ही बऱ्याच बोवरून काढून टाकलं आणि त्याऐवजी शिम आणल्या, म्हणजे प्रेसमध्ये घाला, एक्सल काढा, बारीक वॉशर इकडचं तिकडं करा, परत बसवा, मारून बघा, नाही जमलं, परत प्रेसमध्ये. बोटेक कंपनीने डेडलॉक म्हणून काढलं त्यात स्क्रू फिरवला की कॅम एक्सलवर सरकतो आणि दुसऱ्या स्क्रूने लॉक होतो, प्रेस नको काही नको. बघितल्यावर मला वाटलं आता सगळे हेच करणार. सगळ्यांनी केलं नाही. पेटंट वगैरेची अडचण असेल, ती तुमची तुम्ही बघा, पण यावर्षी टार्गेट बो घेताना मी पोरांना पहिला प्रश्न हाच विचारायला सांगणार आहे, की हा प्रेसशिवाय ट्यून होतो का.

तिसरं स्पीड. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आमची दिवाळी उरकते न उरकते तोच तुमचे नवीन मॉडेलचे व्हिडिओ सुरू होतात, आणि पहिला आकडा कायम एकच, ३४० फूट, ३४५ फूट, ३५० फूट सेकंदाला. हा आकडा कसा काढतात? ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ लेंथ, ३५० ग्रेन वजनाचा ॲरो. आता मला सांगा, वर्ल्ड आर्चरीच्या नियमात कंपाउंडला ६० पाउंडाची मर्यादा आहे. म्हणजे ज्या सेटिंगवर तुम्ही आकडा काढता त्या सेटिंगवर बो घेऊन आम्ही लाइनवर उभं पण राहू शकत नाही. आणि ३० इंच ड्रॉ लेंथ म्हणजे सहा फुटाच्या पुढचा गडी. एक इंच ड्रॉ लेंथ कमी झाली की दहाएक फूट स्पीड जातो असा सगळ्यांचा अंदाज आहे, तर माझ्या पोरीचे चारच्या वर इंच गेले, पाउंडेज गेलं, तो ३४० चा आकडा म्हणजे दुसऱ्याच्या मुलाची मार्कशीट.

बरं स्पीड नकोच आहे असं पण नाही हां. कमी ड्रॉ लेंथवाल्या मुलींना तो मोठ्या गड्यांपेक्षा जास्त लागतो. ॲरो हळू गेला की पन्नास मीटरला साइट एवढी खाली येते की ॲरोचे व्हेन, म्हणजे मागचे पंख, स्कोपला घासायला लागतात, मग स्कोप छोटा घ्या, साइट पुढे घ्या, मागे घ्या. कारण काय, तर मोठ्या गड्यासाठी कॅम बनवायचा आणि मॉड्यूल सगळ्यात आखूड भोकावर लावलं की म्हणायचं हा २५ इंचाला पण चालतो. चालतो हो, पण त्या कॅमची ताकद त्या भोकावर बरीच वाया जाते. लहान ड्रॉ लेंथसाठी लहानच कॅम पाहिजे, तिथूनच डिझाइन केलेला. काही कंपन्यांकडे आहेत असे, पण मग ते टार्गेटच्या लांब बोवर येत नाहीत, बायकांसाठी म्हणून गुलाबी-जांभळ्या रंगाच्या आखूड शिकारी बोवर येतात. रंग आम्ही आमचा मारू.

आणि कृपा करून बॉक्सवर दुसरा आकडा छापा, ५० पाउंड आणि २६ इंचाचा. मोजायला अर्धा तास लागेल.

हे मी फक्त पोरीचा बाप म्हणून म्हणतोय असं वाटत असेल तर एक हिशोब बघा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड पहिल्यांदा येतंय, आणि येतंय ते फक्त मिक्स्ड टीममध्ये. एक पुरुष, एक बाई. म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासात कंपाउंडचे जे पहिले बो टीव्हीवर दिसणार त्यातले बरोबर अर्धे बायकांच्या हातात असणार. आणि तुमच्या कॅटलॉगमध्ये त्यांच्या मापाचा टार्गेट बो शोधायला मला चष्मा लागतो.

शिकारीचा विषय निघालाच आहे तर. मला कळतं की तुमचं मुख्य मार्केट अमेरिकेतले शिकारी आहेत, धंदा आहे, नाराज नाही. पण आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, इथं बोने कुणी हरीण मारलं तर थेट आत. त्यामुळे बो किती शांत वाजतो, कॅमोफ्लाजचा नवीन पॅटर्न कुठला, झाडावर टांगायचा हुक, क्विव्हर म्हणजे बाणांचा भाता रायझरला चिकटून कसं बसतं, याचं आम्ही काय करू? कार्बनचा हलका रायझर काढला तर तो पण आधी शिकाऱ्याच्या बोवर. आमचं पंधरा वर्षांचं पोर साइट, स्टॅबिलायझर, वजनं सगळी धरून साडेतीन किलोच्या आसपासचं धूड सरळ हाताने दिवसभर उचलतं, प्रॅक्टिसचे ॲरो धरून शंभरच्या वर वेळा.

लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर जोर किती टक्के कमी होतो ते, पण शिकाऱ्याच्या सोयीचं. त्याला झाडावर बसून हरीण वळेपर्यंत ओढून धरायचं असतं म्हणून ८५ टक्के, ९० टक्के. आता पोरगी ४५ पाउंड ओढते, ८० टक्के लेट-ऑफ म्हणजे शेवटी बोटाशी उरले ९ पाउंड. एवढ्यावर वाऱ्यात बो पाण्यावरच्या पानासारखा हलतो. ६५ टक्के केलं तर पावणेसोळा उरतात, मग बो जागेवर बसतो. तेव्हा लेट-ऑफ बदलता येणारं द्या, एका मॉड्यूलमध्ये, वेगळं विकत नको. आणि मागची भिंत, म्हणजे ओढणं जिथं थांबतं ती बॅक वॉल, कडक पाहिजे की थोडी मऊ हे प्रत्येकाचं वेगळं असतं, तर लिंब स्टॉप आणि केबल स्टॉप दोन्ही डब्यात टाका. दोन पिना हो, दोन पिना.

चौथं, पार्ट आणि मापं. हा माझ्या धंद्याचा विषय.

माझ्याकडे मोटर येते, बेअरिंग गेलेलं असतं, वर नंबर असतो ६२०३. तो नंबर घेऊन मी साताऱ्यात जातो, कऱ्हाडला जातो, कोल्हापूरला जातो, कुठंही मिळतं, कुठल्याही कंपनीचं मिळतं, मोटर तीस वर्षं जुनी असली तरी मिळतं. तुमच्या कॅममध्ये पण बेअरिंगच आहेत. पण त्याचा नंबर ना मॅन्युअलमध्ये ना वेबसाइटवर, मी व्हर्नियरने मापं घेऊन शोधलंय. पावसाळ्यात आमच्याकडे चार महिने हवेत पाणीच असतं, बेअरिंग गंजतं, कॅम फिरताना करकर वाजतो, पोरगं घाबरतं. नंबर छापा, बाकी आम्ही बघतो. आणि स्क्रू स्टेनलेसचे द्या, दीड लाखाच्या बोला गंजणारा स्क्रू बघून मला तुमचीच लाज वाटते.

अॅलन कीचं तर बोलायलाच नको. बऱ्याच बोच्या लिंब बोल्टला ३/१६ इंच, म्हणजे आमच्या हार्डवेअरवाल्याच्या भाषेत दीड सूत. एवढं तरी सांगता येतं. पण छोट्या स्क्रूंना ५/६४, ७/६४ असली मापं, ती मागितली की दुकानदार माझ्याकडे बघतो. इथं मिळते ती मिलिमीटरची, पोरं घाईत दोन मिलिमीटरची ठोकून बसवतात आणि स्क्रूचं डोकं गोल होतं, मग तो माझ्याकडे येतो ड्रिल मारायला. एक तर मिलिमीटरवर या, नाहीतर प्रत्येक बोसोबत सगळ्या कीचा जुडगा द्या, आणि खरंतर बोवर स्क्रूंची दोनच मापं ठेवा.

तुम्हाला एकत्र येऊन एक माप ठरवता येत नाही हे मी ऐकून घेणार नाही. स्टॅबिलायझरचे आटे बघा, ५/१६-२४, कुठल्याही कंपनीचा बो घ्या, कुठल्याही कंपनीचा रॉड बसतो. साइटची दोन भोकं पण सगळ्यांची सारखी. मग हल्ली प्रत्येकाने आपली वेगळी पट्टी, वेगळी खाच, आपलीच साइट, आपलंच रेस्ट, म्हणजे ॲरो टेकवायचा आधार, असं का सुरू केलंय? मागे रेस्ट बसवायची डोव्हटेल खाच आली, ती तीन-चार कंपन्यांनी मिळून एकसारखी ठेवली, ते आवडलं आपल्याला. सेकंडहँडवर चालणाऱ्या पोरांना साइट एकाची, रेस्ट दुसऱ्याचं, बो तिसऱ्याचा असाच संसार करावा लागतो.

आणि पार्ट किमान दहा वर्षं ठेवा. मॉड्यूल, लिंब, कॅम. नाही ठेवता येत तर मॉडेल बंद करताना मॉड्यूलची ड्रॉइंग फाइल लोकांसाठी खुली करा. माझ्या ओळखीचा सीएनसीवाला एमआयडीसीत आहे, तो अर्ध्या दिवसात कापून देईल. तुमचं त्या मॉडेलमधलं काही नुकसान नाही, तुम्ही तर ते विसरलात पण.

वॉरंटी बोची असावी, माणसाची नाही. पहिल्या मालकालाच वॉरंटी असते हे मला मेल येईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्याकडे एक बो तीन-चार हातांतून जातो, मोठा खेळाडू दोन वर्षं वापरतो, मग स्टेट लेव्हलचं पोर, मग नवीन शिकणारं. सीरियल नंबर बोवर आहे ना? मग त्याचीच वॉरंटी धरा.

बारीकसारीक अजून आहे, पटापट सांगतो. लिंबवर आतल्या बाजूला तो कागदी स्टिकर असतो, त्यावर स्ट्रिंगची लांबी, केबलची लांबी, ड्रॉ लेंथ सगळं लिहिलेलं असतं, घामाने आणि उन्हाने दोन वर्षांत पांढरा होतो, ते रायझरवर कोरा. कॅमवरच्या टायमिंगच्या खुणा खोल कोरा, दोन्ही बाजूंनी. डावखुऱ्या पोरांना बो सहा-सहा महिने उशिरा येतो आणि रंग एकच, आमच्याकडे एक डावखुरा आहे, चांगला आहे, वाट बघून बघून उजव्या हाताने शिकायचं म्हणत होता. ग्रिप लहान तळव्याला बसेल अशी एक जास्तीची द्या. शीतल देवी पायाने बो धरून मारते आणि २०२४ ला पॅरिसहून पॅरालिम्पिकचं मेडल घेऊन आली, बो माणसाप्रमाणे बदलता येतो हे तिने आणि तिच्या कोचनी करून दाखवलंय, तुम्ही निदान ग्रिप तरी बदलून द्या.

हां, स्ट्रिंग राहिली. फॅक्टरीतून आलेली स्ट्रिंग पहिल्या दोन महिन्यांत ताणते आणि पीप फिरायला लागतं, म्हणून नवीन बो घेणारा पहिलं काम काय करतो, तर वेगळी चांगली स्ट्रिंग मागवतो. मे महिन्यात विदर्भात स्पर्धा असली की पारा पंचेचाळीसला, मंडपात पण अंगाला चटके बसतात, सकाळी बांधलेलं टायमिंग दुपारी वेगळं. पोरं बोवर ओला टॉवेल टाकून ठेवतात, तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय बो गरम गाडीत ठेवू नका, गाडी कुणाकडे आहे! स्ट्रिंग आधीच ताणून घेतलेली द्या, उष्णतेत न वाढणाऱ्या धाग्याची, आणि टेस्टिंग पंचेचाळीस डिग्रीवर करा. जागा पाहिजे असेल तर अकोल्याला या.

तुम्हाला हे सगळं जुगाड वाटेल. पण कंपाउंड बो आला कुठून? मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने चांगल्या रिकर्व्ह बोची टोकं करवतीने कापली आणि तिथं कप्प्या बसवल्या, १९६६ ला पेटंटचा अर्ज केला, १९६९ ला मिळालं. त्याच्याकडे काय लॅब नव्हती. मला तो माणूस माझ्या दुकानात बसलेला दिसतो, ट्रॅक्टरच्या टॉप लिंकची प्रेस बघून त्याने पहिला प्रश्न विचारला असता की आटे किती सुताचे घेतले.

तर मागण्या एवढ्याच. वाढत्या पोरांसाठी लांब टार्गेट बो काढा, ज्यात ड्रॉ लेंथ पाच इंच आणि पाउंडेज पंचवीस पाउंड बदलेल. प्रेसशिवाय स्ट्रिंग बदलता येईल, कॅम सरकवता येईल असं करा. पार्ट दहा वर्षं किंवा ड्रॉइंग खुलं. वॉरंटी सीरियल नंबरवर. आणि स्पीडचा खरा आकडा. बाकीचं वर लिहिलंय ते पुढच्या वर्षी केलं तरी चालेल, पण हे पाच लॉस एंजेलिसच्या आधी पाहिजेत, कारण तिथं जाणारी पोरं आत्ता माझ्या ग्राउंडवर किंवा असल्याच कुठल्यातरी ग्राउंडवर कुणाच्यातरी जुन्या बोवर मारतायत.

उत्तर दिलंत तर पोस्टकार्डावर दिलं तरी चालेल, फक्त नवीन मॉडेलची लिंक नको.

आपला,
मोटर रिवाइंडिंगवाला, एका कंपाउंड आर्चरचा बाप
सातारा जिल्हा

ता. क. पत्र लिहून झाल्यावर पोरीची ड्रॉ लेंथ परत मोजली, दाराच्या चौकटीला पाठ लावून, हात पसरून, अडीचने भागून. सव्वीसला टेकलीय. म्हणजे आता ते पुढच्या साइजचं मॉड्यूल मिळालं तरी दिवाळीपर्यंतच पुरेल, त्याच्या पुढचं पण आत्ताच बघून ठेवा म्हणते.